स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत मास्टर्स (अमेरिका) : कॉलेज कसं निवडू, तयारी कुठून सुरू करू?

अबोली_१

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

अमेरिकेत येऊन नऊ वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे. भारतात मानसशास्त्रात बी.ए. केलं होतं. पुढे लग्न, मुलं, इकडे येणं यात शिक्षण राहूनच गेलं. गेली दोन वर्षं एका प्राथमिक शाळेत विशेष शिक्षणाच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करतेय. वर्गात एक सहा वर्षांचा मुलगा आहे. बोलत नाही, टॅबलेटवरची चित्रं दाबून सांगतो. सुरुवातीचे चार महिने तो एकच चित्र दाबायचा, 'आणखी'. आमची स्पीच थेरपिस्ट मात्र त्याच्याशी बोलताना दरवेळी स्वतः टॅबलेटवरची चित्रं दाबत बोलायची. तो दाबो न दाबो, ही दाबत राहायची. फेब्रुवारीत आगीच्या सरावाची घंटा वाजली आणि त्याने लागोपाठ दोन चित्रं दाबली, 'कान' आणि 'बंद'. दरवेळी घंटा झाली की तो जमिनीवर लोळायचा आणि आम्ही समजायचो, हट्ट करतोय.

त्या दिवसापासून हेच शिकायचं असं मनाने घेतलंय. वय ३४. अकरा विद्यापीठांची यादी केलीय, सगळी क्रमवारीत वरची. पण या विषयातला एकही कोर्स गाठीशी नाही. माझं इंग्रजी स्वच्छ मराठी वळणाचं आहे. आणि घरचा हप्ता चालू असताना दोन वर्षांचं कर्ज काढायची भीती वाटते. या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगा ना, यादीतली नावं कशावरून गाळू?

पैलतीर

अबोली, त्या मुलाचं वाचून क्षणभर थांबले. ती बाई चार महिने एकटीच टॅबलेटवर बोलत राहिली, हे तू टिपलंस. अर्जात हेच लिही, पण त्याबद्दल नंतर.

मी चौदा वर्षं रुग्णालयात एसएलपी (स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे स्पीच थेरपिस्टच) आहे. दरवर्षी एक-दोन विद्यार्थी माझ्याकडे प्लेसमेंटला, म्हणजे देखरेखीखाली पेशंट हाताळायला शिकायला, येतात. त्यामुळे कॉलेजने नक्की काय शिकवलं ते मला पेशंटच्या खाटेपाशी दिसतं. एका वर्षी फार नावाजलेल्या ठिकाणची मुलगी आली होती. हुशार, सगळे शोधनिबंध वाचलेले. पक्षाघात झालेल्या आजोबांना तिने पहिल्याच दमात पाच प्रश्न विचारले, ते एकाचंही उत्तर देऊ शकले नाहीत, आणि ती माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या वर्षीची मुलगी एका लहानशा सरकारी विद्यापीठातली होती. तिने आधी आजोबांचा चष्मा शोधला, खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली, एक प्रश्न विचारला आणि दहा सेकंद गप्प राहिली. आजोबा बोलले. दुसरीने पहिल्या सत्रापासून विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये पेशंट घेतले होते. पहिलीला पहिल्या वर्षात पेशंट जवळपास मिळालेच नव्हते.

म्हणून सांगते, क्रमवारी बाजूला ठेव. ती प्रसिद्ध 'यू.एस. न्यूज'ची यादी या विषयापुरती केवळ इतर विद्यापीठांतल्या लोकांच्या मतांवर बनते. त्यात क्लिनिकचे तास नाहीत, परीक्षेचा निकाल नाही, फी नाही.

पहिली चाळणी मान्यतेची. सीएए या प्रोग्राम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता, निदान 'कँडिडसी' (पूर्ण मान्यतेच्या आधीचा टप्पा) तरी, नसेल तर ते नाव तिथेच खोड. कारण आशाचं (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, इथे सगळे आशाच म्हणतात) सीसीसी हे व्यावसायिक प्रमाणपत्र इथे शिकलेल्यांना मान्यताप्राप्त मास्टर्सशिवाय मिळत नाही.

दुसरी चाळणी निकालाची. प्रत्येक मान्यताप्राप्त प्रोग्रामला गेल्या तीन वर्षांचे आकडे आपल्या वेबसाइटवर लावावेच लागतात : वेळेत किती जण पूर्ण झाले, प्रॅक्सिस ही राष्ट्रीय परीक्षा किती जण पास झाले, नोकरी किती जणांना लागली. पहिल्या दोन्हींत सीएएची अपेक्षा किमान ८० टक्क्यांची. वेळेत पूर्ण होण्याचा आकडा सगळ्यांत आधी बघ. प्रॅक्सिसचा निकाल बहुतेक ठिकाणी चांगलाच असतो, त्यातून फारसं कळत नाही. पण शंभरातले वीस जण वेळेत का सुटले नाहीत, हा प्रश्न फोन करून विचारण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट वेबसाइटवर सापडत नाही, तीच सर्वांत महत्त्वाची. बाहेरच्या प्लेसमेंट कोण मिळवून देतं, प्रोग्राम की तू स्वतः? प्रौढ पेशंट असलेल्या जागी किती आठवडे मिळतात, आणि ते सगळ्यांना मिळतात की दोघा-तिघांनाच? सीसीसीसाठी ४०० तास लागतात. त्यातले २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष पेशंटसोबतचे, आणि त्या ३७५ पैकी ३२५ मास्टर्सच्या काळातले. कागदावर हे तास सगळीकडे सारखेच भरतात. सगळे तास 'र' नीट न म्हणता येणाऱ्या मुलांसोबत भरलेले असतील, तर गिळण्याचा त्रास असलेला पेशंट (तेही आपलंच काम) समोर आल्यावर हात थरथरतात.

रानजाई

पैलतीर ताईंच्या तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडून तीनदा अनुमोदन. मी त्यात पोळलेय.

ऑनलाइन मास्टर्स केलं. प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं, 'तुमच्याच भागात प्लेसमेंट होईल'. 'शोधायची तुम्ही' हे कळलं दुसऱ्या वर्षी. चाळीसेक ठिकाणी फोन केले, अर्ध्या जणांनी उचललेच नाहीत. शेवटी एका नर्सिंग होममध्ये जागा मिळाली, तोवर सत्र सुरू होऊन गेलं होतं. पदवी एक सत्र लांबली, एका सत्राची फी वाढली, आणि ज्या शाळेने नोकरी कबूल केली होती तिने दुसऱ्या कुणाला घेतलं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. माझ्या वर्गातल्या काही जणींचं तिथेच सुरळीत पार पडलं, कारण त्या मोठ्या शहरांत राहत होत्या. ऑनलाइन वाईट असं मी म्हणणार नाही. लहान मुलं असलेल्या बाईला दुसरा मार्ग कुठे असतो? पण प्लेसमेंट मिळवून देण्याची जबाबदारी कुणाची, हे ईमेलवर लिहून घ्या.

नीलमोहर

मी शाळेत एसएलपी आहे. या देशातल्या निम्म्याहून जास्त एसएलपी शाळांमध्येच आहेत, तेव्हा माझंही ऐक.

अबोली, या विषयातला एकही कोर्स नाही याने घाबरू नकोस. मीही वाणिज्य शाखेची. आधी 'लेव्हलिंग', म्हणजे मास्टर्सआधीचे पायाभूत कोर्स, करावे लागतात : ध्वनिशास्त्र, बोलण्या-ऐकण्याच्या अवयवांची रचना, मुलांची भाषा कशी वाढते, ऑडिऑलॉजीची (श्रवणशास्त्राची) तोंडओळख, चेताशास्त्र. बरेच जण हे ऑनलाइन एका वर्षात करतात. काही ठिकाणी लेव्हलिंग धरून तीन वर्षांचाच प्रोग्राम असतो. तो महाग पडतो, पण प्रवेशाची टांगती तलवार एकदाच.

याशिवाय आशाला चार विषय वेगळे लागतात : जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायन, संख्याशास्त्र आणि सामाजिक शास्त्र. शेवटचे दोन तुझ्या बी.ए.त झाले असतील. उरलेले कम्युनिटी कॉलेजमध्ये कर, तिथे फी बरीच कमी असते.

भारतातल्या मार्कलिस्टचं कोर्सवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं. हे आजच सुरू कर! माझ्या विद्यापीठाने सीलबंद पाकीट पाठवायला इतके महिने लावले की पहिल्या वर्षीची मुदतच टळली. बहुतेक अर्ज सीएसडीकॅस नावाच्या सामाईक व्यवस्थेतून जातात. ती साधारण उन्हाळ्यात उघडते आणि मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. प्रत्येक कोर्स एकेक करून भरावा लागतो आणि तपासणीला काही आठवडे जातात. मुदतीच्या आदल्या रात्री भरायचा हा अर्ज नाही.

शरद_चांदणं

धागा चांगला आहे. माझी मुलगी अकरावीत आहे, तिलाही यात रस वाटतोय. एकूण किती वर्षं लागतात? आणि ऑडिऑलॉजी म्हणजे हेच का?

नीलमोहर

नाही दादा. ऑडिऑलॉजीला आता डॉक्टरेट लागते, एयूडी म्हणतात. एसएलपीला चार वर्षं पदवीची, साधारण दोन मास्टर्सची आणि मग क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे देखरेखीखालचं काम, निदान ३६ आठवडे आणि १२६० तास. फेलोशिपमध्ये पगार मिळतो. प्रॅक्सिस पास व्हायला १६२ गुण लागतात. राज्याचा परवाना वेगळा, आणि काही राज्यांत शाळेसाठी शिक्षकांचं प्रमाणपत्र त्याहून वेगळं.

सह्यकडा

मी मुंबईत बीएएसएलपी (याच विषयातली भारतातली पदवी) करून एफ-१ विद्यार्थी व्हिसावर आलो, सध्या फेलोशिप चालू आहे. माझ्यासारखे कुणी वाचत असतील म्हणून लिहितो.

आशाचा काही देशांशी परस्पर मान्यतेचा करार आहे, त्यात भारत नाही. तिकडच्या पदवीवर इकडे थेट सीसीसी मिळत नाही. मला वाटलं होतं, बीएएसएलपी आहे म्हणजे लेव्हलिंगमधून सुटलो. दोन विद्यापीठांनी सगळे कोर्स धरले, तिसऱ्याने तीन परत करायला लावले. अर्ज करण्याआधी अभ्यासक्रमाची पीडीएफ पाठवून विचारा.

दुसरं, पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करायच्या परवानगीचे, बाराच महिने मिळतात. आपला विषय स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, त्यामुळे मुदतवाढ नाही. त्यात फेलोशिपचे नऊ महिने बसवायचे. नोकरी लागायला तीन महिने गेले की गणित फार घट्ट होतं. म्हणून मी तिसऱ्या सत्रापासूनच अर्ज टाकायला लागलो होतो.

शब्दवेल

अबोलीच्या उच्चारांच्या प्रश्नाला कुणी हातच घातला नाही! मी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यावर मला मनापासून बोलायचंय.

ध्वनिशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना तोंडापुढे टिश्यू धरायला सांगितला आणि 'की' आणि 'स्की' म्हणायला लावलं. 'की' म्हणताना टिश्यू उडतो, 'स्की'ला जेमतेम हलतो. वर्ग चकित, कारण त्यांच्या कानाला दोन्हीकडचा क एकच. मला टिश्यूची गरजच पडली नाही. इंग्रजी माणसाचा 'की' ख कडे झुकलेला आहे आणि 'स्की'मधला क आपल्या कपातला आहे, हे मला सरळ ऐकू येत होतं. क-ख, ट-ठ, प-फ वेगळे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. बाराखडीच्या आधीचा तो तक्ताच बघ ना : कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. तोंडात मागून पुढे येत जाणारा नकाशा. जीभ कुठे लागते या प्रकरणावर माझ्या मैत्रिणी रात्र रात्र जागल्या, मी पहिलीतली उजळणी आठवली. शिवाय 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळे, लिहायला अक्षर एकच, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतलं आणि फळ्यावर दोन वेगळी चिन्हं लिहिली.

आता दुसरी बाजू. आपल्याला व एकच. इंग्रजीत दोन, 'व्हेस्ट'चा आणि 'वेस्ट'चा. क्लिनिकमध्ये माझ्याकडे पाच वर्षांचा मुलगा आला, त्याला नेमकं हेच शिकवायचं होतं. मी आदल्या तीन आठवड्यांपासून आरशासमोर बसत होते. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. बोलण्याच्या ओघात माझा व अजूनही मराठीच असतो, आणि तो मला बदलायचाही नाही. पण मुलाला नमुना म्हणून दाखवताना तो अचूक यायलाच हवा.

आशाची भूमिकाही हीच आहे, १९९८पासून लेखी. वेगळा उच्चार हे कुणाला या व्यवसायातून दूर ठेवायचं कारण होऊ शकत नाही. ज्ञान हवं, निदान करता यायला हवं, आणि जो ध्वनी शिकवायचा तो करून दाखवता यायला हवा. मुलाखतीत कुणी उच्चारावरून खोदून विचारलं तर हे शांतपणे सांग.

देवचाफा

एरवी मी इथे लिहीत नाही. वय २४, लहानपणापासून अडखळत बोलतो. माझ्या थेरपिस्टमुळेच हे क्षेत्र कळलं. सगळ्या अटी पूर्ण होतात. पण बऱ्याच ठिकाणी व्हिडिओवर उत्तरं रेकॉर्ड करायची असतात, दीड-दोन मिनिटांत. माझं नावच कधी कधी दहा सेकंद अडतं. अर्ज करावा का?

पैलतीर

देवचाफा, कर. नक्की कर.

तुम्ही ज्या क्षेत्रात येऊ म्हणताय त्याचा पाया घालणाऱ्यांत अडखळत बोलणारी माणसं आहेत. चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तीव्र अडखळायचे. त्यांनी १९३६ साली वेस्टर्न मिशिगनला स्पीच क्लिनिक सुरू केलं. न अडखळण्याचा आटापिटा सोडून सहज, ताण न घेता अडखळायला शिकायचं ही त्यांची वाट आजही शिकवली जाते. आयोवाचे वेंडेल जॉन्सनसुद्धा तसेच.

आता कामाचं. रेकॉर्डिंगच्या आधी प्रोग्रामला ईमेल करून जास्त वेळ मागा. अशी सोय मागण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, उपकार मागत नाही आहात. आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाका, 'मी अडखळतो, मला थोडा वेळ लागेल'. लपवण्यात जी शक्ती जाते ती उत्तराला राहते. उत्तरं वेगाने वाचून दाखवणारे अर्जदार त्यांना खूप दिसतात. अडलेल्या शब्दापाशी न घाबरता थांबणारा अर्जदार माझ्यासमोर आला असता तर मी त्याला लगेच घेतलं असतं. माझ्या पेशंटना तोच हवा आहे.

अबोली, आता अर्जाबरोबरच्या तुझ्या निवेदनाकडे येते. दोन वर्षं एका प्रवेश समितीसाठी मी निवेदनं वाचली आहेत. बहुतेकांची सुरुवात 'मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडतं' अशी असते, आणि पहिला परिच्छेद खोडला तरी काही हरवत नाही. तुझं निवेदन त्या घंटेपासून सुरू कर. मुलगा लोळत होता, तुम्ही हट्ट समजलात, मग दोन चित्रं. 'आम्ही समजायचो, हट्ट करतोय' हे वाक्य काढू नकोस. आपलं चुकलं होतं हे जिला दिसतं तिला शिकवता येतं. त्यानंतर ती थेरपिस्ट काय करत होती, आणि त्याबद्दल तू पुढे काय वाचलंस, ते लिही. न बोलणाऱ्याच्या साधनावर आपणही बोलत राहायचं ही पद्धतच आहे, तिच्यावर अभ्यास झालेला आहे, दोन-तीन लेख वाच. शिफारसपत्र त्या थेरपिस्टकडूनच घे.

अबोली_१

किती लिहिलंत सगळ्यांनी! डोळे भरून आले वाचताना. पैशांचं कुणी सांगेल का? यादीतल्या एका खासगी विद्यापीठाची एकूण फी आमच्या राज्याच्या विद्यापीठाच्या अडीचपट आहे.

रानजाई

राज्याचं घे. शाळेतला पगार ठरलेल्या श्रेणीने चालतो, तिथे पदवी कुठली आणि फी किती भरली हे कुणी विचारत नाही. सीसीसी दोघींचं सारखंच. हप्ता मात्र दहा-दहा वर्षं वेगळा जातो.

पैलतीर

रानजाईशी बहुतांशी सहमत. थोडी भर घालते : ग्रॅज्युएट असिस्टंटशिपबद्दल (विद्यापीठातच थोडं काम करून मिळणारी मदत) विचार. कुठे फी माफ होते, कुठे नुसता खिशाला हातभार, पण ऑफर पत्रात ते नसतं आणि न विचारणाऱ्याला मिळत नाही. फेलोशिपचं ठिकाण निवडतानाही पगाराआधी तुझी देखरेख कोण करणार ते विचार.

अबोली_१

पुढची बातमी सांगायला तब्बल दीड वर्षाने आले.

लेव्हलिंग झालं. भौतिकशास्त्र कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षांच्या पोरांबरोबर केलं. अकराची यादी पाचावर आणली, त्यात वरच्या क्रमवारीतलं एकच राहिलं. पाचही ठिकाणी तोच प्रश्न ईमेल केला : प्रौढ पेशंटची प्लेसमेंट किती विद्यार्थ्यांना मिळते आणि ती कोण लावून देतं? दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने वेबसाइटचा दुवा पाठवला. आमच्या राज्य विद्यापीठाच्या क्लिनिक संचालक बाईंनी थेट फोन केला, पंचवीस मिनिटं बोलल्या. गेल्या तुकडीतल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना कुठली जागा मिळाली ते, नावं न घेता, वाचून दाखवलं. मुलाखतीत त्यांनी माझं निवेदन पुढ्यात ठेवून विचारलं, "घंटेच्या त्या दिवसानंतर वर्गात तुम्ही काय बदललंत?" मी सांगितलं, सरावाच्या आधी त्याला कानावरचे हेडफोन देतो, आणि 'घंटा' असं नवं चित्र टाकलंय, ते मी आधी दाबते.

प्रवेश मिळाला! अर्ध्या फीची असिस्टंटशिपही. देवचाफा, तुमचं काय झालं?

देवचाफा

सात अर्ज, दोन ठिकाणी हो. जास्त वेळ मागितला, सगळ्यांनी दिला. ऑगस्टमध्ये सुरू होतंय.

शब्दवेल

दोघांचंही मनापासून अभिनंदन!!

अबोली_१

पैलतीर ताई, एक विचारायचं राहिलं. पहिल्याच सत्रात एक दिवस रुग्णालयात निरीक्षणाला नेणार आहेत, गिळण्याची एक्स-रे तपासणी दाखवायला. आधी काय वाचून जाऊ?

पैलतीर

गळ्याची बाजूने काढलेली आकृती घे आणि श्वासनलिकेचं तोंड आणि अन्ननलिकेचं तोंड किती जवळ आहेत ते स्वतः पेन्सिलीने काढून बघ. पडद्यावर बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रव्य) मिसळलेला घोट काळा दिसतो आणि घशातून सेकंदाभरात निघून जातो, पहिल्यांदा काहीच कळत नाही. संकोच न करता पुन्हा लावायला सांग, आम्हीही एकेक चौकट थांबवूनच बघतो. घोट श्वासनलिकेत उतरला तर पेशंट खोकेल असं वाटेल. काही जण खोकत नाहीत. तेव्हा पेशंटचा चेहरा नाही, पडदा बघ.

आणि गडद रंगाचे कपडे घालू नकोस. पातळ बेरियमचा पेला हमखास कुणाच्या तरी हातून हिंदकळतो.